चॉकलेट सिस्टच्या ऑपरेशनआधी

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'एन्डोमेट्रिओमा' असं लिहून आलं, किंवा डॉक्टरांनी 'चॉकलेट सिस्ट आहे' असं सांगितलं, की घरात पहिला प्रश्न निघतो तो 'ऑपरेशन कधी करायचं?' हा. गाठ म्हटली की ती काढून टाकायची, हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलंय की त्याआधी विचारायचा प्रश्न कुणाला सुचतच नाही. या दोन अंडाशयांत आज स्त्रीबीजांचा साठा किती आहे आणि ऑपरेशननंतर किती उरेल, हा तो प्रश्न. जिला पुढे मूल हवं आहे, किंवा हवं की नको हे अजून ठरलेलं नाही, तिच्यासाठी आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जाणाऱ्या आई-बहिणी-नवऱ्यासाठी हे लिहिते आहे. बीजसाठ्याची तपासणी ऑपरेशनच्या आधी झालीच पाहिजे, आणि अंडाशयाला पहिल्यांदा हात लागण्यापूर्वी बीजं गोठवून ठेवण्याबद्दल एकदा तरी मोकळं बोलणं झालं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

एन्डोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात. अंडाशयावर, गर्भनलिकांभोवती, गर्भाशयाच्या मागच्या पोकळीत, कधी आतड्यावर. पाळीच्या चक्राबरोबर तिथेही सूज येते, रक्त झिरपतं आणि आजूबाजूचे अवयव एकमेकांना चिकटत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या सुमारे 10 टक्के स्त्रियांना हा आजार असतो. तरी निदान होईपर्यंत कितीतरी वर्षं निघून जातात, कारण पाळीत दुखायचंच, असं सांगून मुलींना गप्प केलं जातं. शाळा-कॉलेज बुडावं इतकं दुखणं, संबंधांच्या वेळी खोलवर कळ, पाळीत शौचाला त्रास, यातलं काहीही दर महिन्याला होत असेल तर ते सोसायचं नाही, दाखवायचं.

हा आजार अंडाशयात शिरला की जुन्या रक्ताची, गडद तपकिरी, दाट द्रवाची गाठ तयार होते. तीच चॉकलेट सिस्ट. ती शेजारच्या निरोगी भागाला दोन प्रकारे त्रास देते. गाठीतल्या द्रवात लोह आणि सूज वाढवणारी द्रव्यं भरपूर असतात; ती आजूबाजूला झिरपून तिथला भाग कडक करतात आणि त्यातली फॉलिकल्स, म्हणजे बीजं ज्यांच्यात वाढतात त्या सूक्ष्म पिशव्या, वेळेआधी संपतात. त्यामुळे ऑपरेशन न करताही साठा कमी झालेला असू शकतो. दुसरं नुकसान ऑपरेशनमध्ये होतं. चॉकलेट सिस्टला इतर साध्या गाठींसारखं स्वतंत्र, सुटं कवच नसतं. तिची भिंत अंडाशयाच्या गराला चिकटलेली असते. संत्रं सोलताना सालीबरोबर थोडा गर निघून यावा, तशी भिंत सोलताना निरोगी बीजंही निघून येतात. मग रक्त थांबवण्यासाठी विजेच्या उपकरणानं भाजलं की उरलेल्यातली आणखी काही जातात.

हे नुकसान किती असतं? 2012 साली आठ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा गाठ काढल्यानंतर एएमएच या बीजसाठ्याचा अंदाज देणाऱ्या संप्रेरकाची पातळी सरासरी एक तृतीयांशाहून अधिक घटलेली दिसली. दोन्ही बाजूंच्या गाठी काढल्या तर घट जास्त. इटलीत दोन्ही अंडाशयांवर ऑपरेशन झालेल्या 126 स्त्रियांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला; त्यांतल्या 2.4 टक्के स्त्रियांची पाळी ऑपरेशननंतर कायमची थांबली. प्रमाण लहान आहे, पण सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या मुलीवर ती वेळ आली तर तिला ते आधी कुणी सांगितलं होतं का, हे महत्त्वाचं ठरतं.

आता तपासणीकडे येऊ. बीजांची प्रत्यक्ष मोजणी करता येत नाही. जन्माच्या वेळी मुलीच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि पुढे ती घटतच जातात. नवीन तयार होत नाहीत. म्हणून अंदाज घ्यावा लागतो, आणि त्यासाठी दोन तपासण्या सर्वांत उपयोगी आहेत.

पहिली, एएमएच. ही साधी रक्ततपासणी आहे. उपाशी राहायची गरज नाही, पाळीच्या चक्राच्या कुठल्याही दिवशी करता येते. लहान फॉलिकल्समधल्या पेशी हे संप्रेरक तयार करतात, त्यामुळे जितकी फॉलिकल्स जास्त, तितकी पातळी जास्त. मात्र तपासणीआधी तीन गोष्टी डॉक्टरांना सांगा. गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोनचं इंजेक्शन सुरू आहे का, कारण त्यांनी आकडा तात्पुरता खाली येतो. आधी अंडाशयावर काही ऑपरेशन झालंय का. आणि आई किंवा बहिणीची पाळी चाळिशीच्या आसपासच बंद झाली होती का. पुढे पुन्हा तपासायचं असेल तर शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, कारण पद्धत बदलली की आकडा बदलतो. एककही बघा. आपल्याकडे बहुतेक रिपोर्ट नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये येतात. परदेशात राहणाऱ्या मुलीचा रिपोर्ट पिकोमोलमध्ये असेल तर त्या आकड्याला सुमारे 7 नं भागल्यावर आपल्याकडचा आकडा मिळतो. पुण्यातल्या बहिणीचा 2 आणि लंडनमधल्या बहिणीचा 14, हे जवळपास सारखेच आहेत.

या आकड्यानं खूप जणींची झोप उडवली आहे, म्हणून थोडं थांबून सांगते. एएमएच बीजांची संख्या सुचवतं, त्यांचा दर्जा सांगत नाही. दर्जा मुख्यतः वयावर ठरतो. 27 वर्षांच्या मुलीचं एएमएच 1 आणि 41 वर्षांच्या स्त्रीचं 1, यांचा अर्थ एकच नाही. पहिलीकडे बीजं कमी असतील, पण त्यांतली बहुतेक चांगली असण्याची शक्यता आहे. आणि नैसर्गिकपणे दिवस राहायला महिन्याला एकच बीज लागतं. अमेरिकेत 30 ते 44 वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या 750 स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात (2017) कमी एएमएच असलेल्यांना दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. या स्त्रियांना एन्डोमेट्रिओसिस होताच असं नाही, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावायचा नाही. पण 'एएमएच कमी म्हणजे मूल होणार नाही' हे वाक्य चुकीचं आहे, एवढं त्यातून नक्की कळतं. असं वाक्य तुम्हाला कुणी ऐकवलं आणि त्याच बैठकीत लाखाचं पॅकेज पुढे केलं, तर उठून दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

मग एएमएच कशासाठी करायचं? बीजं गोठवण्यासाठी किंवा आयव्हीएफसाठी इंजेक्शनं दिली तर साधारण किती बीजं मिळतील याचा अंदाज घेण्यासाठी आणि ऑपरेशनआधीची नोंद हाताशी असावी म्हणून. ही नोंद नसेल तर ऑपरेशननंतरचा आकडा कशाशी ताडून बघणार?

दुसरी तपासणी सोनोग्राफीची. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, योनीमार्गे सोनोग्राफी करून दोन्ही अंडाशयांतली 2 ते 10 मिलिमीटरची फॉलिकल्स मोजतात. दोन्ही बाजूंची मिळून पाचाहून कमी दिसली तर साठा कमी मानतात. चॉकलेट सिस्ट असताना मात्र ही मोजणी फसवी ठरू शकते, कारण मोठ्या गाठीमागे फॉलिकल्स झाकली जातात. म्हणून ही मोजणी आणि एएमएच एकत्र वाचायचे असतात. रिपोर्टमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूचा आकडा वेगवेगळा लिहून मागा. 'दोन्ही अंडाशयं ठीक' एवढ्यानं भागत नाही. गाठीची तिन्ही मापं, अंडाशयं एकमेकांना किंवा गर्भाशयाला चिकटलीत का, गर्भाशयामागची जागा मोकळी आहे का, आतड्यावर आजार दिसतो का, हेही त्यात असावं. आजार खोलवर असेल तर मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घ्या. मूत्रवाहिनी दाबली गेली तर कधी कधी काहीही न दुखता मूत्रपिंडाला सूज येते.

लग्न न झालेल्या मुलींच्या बाबतीत घरात इथे अडचण येते. संबंध आलेले नसतील तर योनीमार्गे सोनोग्राफी करत नाहीत. पोटावरून केलेली सोनोग्राफी गाठ दाखवते, पण बारीक फॉलिकल्स नीट दाखवत नाही. मुलीची तयारी असेल तर गुदमार्गे सोनोग्राफीनं चांगलं चित्र मिळतं, नाहीतर एमआरआय आणि एएमएचवर भागवता येतं. संबंध आले असतील तर ते डॉक्टरांना सांगायची संधी मुलीला मिळाली पाहिजे. आईनं दहा मिनिटं बाहेर बसावं. तपासणी त्यामुळेच नीट होते.

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एफएसएच या संप्रेरकाची तपासणी अजून बऱ्याच ठिकाणी करतात. ते वाढलेलं असेल तर साठा बराच कमी झालाय असं समजतात, पण ते उशिरा वाढतं आणि महिन्यागणिक बदलतं. सीए-125 या रक्ततपासणीचा तर बीजसाठ्याशी काही संबंध नाही. एन्डोमेट्रिओसिसमध्ये ते वाढलेलं असू शकतं, आणि इंटरनेटवर ते कॅन्सरशी जोडलेलं वाचून घरभर घबराट होते.

आता समजा, नाशिकची 29 वर्षांची मुलगी आहे. उजव्या बाजूला 3 सेंटिमीटरची गाठ, डावं अंडाशय स्वच्छ, एएमएच 2.8, दुखणं गोळ्यांनी आटोक्यात, लग्न ठरलेलं आणि दोघांनाही लवकर मूल हवं आहे. तिला ना घाईनं ऑपरेशन लागतं, ना बीजं गोठवायला लागतात. तिनं प्रयत्न सुरू करावेत, आणि सहा महिन्यांत दिवस राहिले नाहीत तर वर्षभर वाट न बघता तज्ज्ञांना भेटावं. आता तिच्याच वयाची दुसरी मुलगी घ्या. दोन्ही बाजूंना 5 सेंटिमीटरच्या गाठी, एएमएच 1.1, चार वर्षांपूर्वी एकदा ऑपरेशन झालेलं, लग्नाचा विचार सध्या नाही, आणि पुन्हा ऑपरेशनचा सल्ला मिळालेला. तिच्याशी बीजं गोठवण्याबद्दल बोलल्याशिवाय ऑपरेशनची तारीख ठरता कामा नये. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेच्या, एश्रेच्या, 2022 च्या मार्गदर्शक सूचनांतही अंडाशयात आजार पसरलेल्या स्त्रियांशी या पर्यायाच्या दोन्ही बाजू बोलाव्यात असं म्हटलं आहे.

बहुतेक जणी या दोघींच्या मधे कुठेतरी असतात. तिथे वय, गाठी एका बाजूला की दोन्ही बाजूंना, आधीचं ऑपरेशन आणि मूल साधारण कधी हवंय, हे चारही मुद्दे एकत्र तोलायचे.

ऑपरेशन वाईट आहे असं मी म्हणत नाही. औषधांना दाद न देणारं दुखणं, वाढत जाणारी मोठी गाठ, मूत्रवाहिनी किंवा आतड्यावरचा दाब, गाठीत घन भाग किंवा संशयास्पद रक्तपुरवठा दिसणं, यांसाठी ते करावंच लागतं, आणि चांगल्या हातांनी केलेल्या ऑपरेशननं कितीतरी जणींचं आयुष्य सुसह्य झालं आहे. पण 'आयव्हीएफच्या आधी गाठ काढली की यश वाढतं' ही समजूत आता टिकलेली नाही. केवळ त्यासाठी सरसकट ऑपरेशन करू नये, असं एश्रेच्या त्याच सूचना सांगतात. गाठीमुळे बीजं काढायला जागाच मिळत नसेल तर गोष्ट वेगळी.

ऑपरेशन ठरलं तर सर्जनना विचारा: तुम्ही एन्डोमेट्रिओसिसची ऑपरेशनं नियमित करता का? भिंत पूर्ण सोलणार की काही भाग लेझरनं जाळणार? रक्त थांबवायला भाजणार की टाके घालणार? टाक्यांनी बीजं जास्त वाचतात. दुर्बिणीतून नुसता द्रव ओढून घेतला तर गाठ बहुधा परत भरते, तेव्हा तेवढ्यावर समाधान मानू नका. एकाच अंडाशयावरचं दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा जास्त नुकसान करतं, म्हणून पहिलंच नीट विचार करून आणि जाणत्या हातांनी व्हायला हवं. आणि संमतीपत्रावर सही करण्याआधी त्यात 'गरज पडल्यास अंडाशय काढणे' असं लिहिलंय का ते वाचा. लिहिलं असेल तर कोणत्या परिस्थितीत, हे विचारा.

बीजं गोठवायची ठरली तर त्याला साधारण दोन आठवडे लागतात. दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं, मधे तीन-चार वेळा सोनोग्राफी, मग थोड्या वेळाची भूल देऊन योनीमार्गे सुईनं बीजं काढतात आणि उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. या काळात शरीरातलं इस्ट्रोजेन वाढतं, आणि एन्डोमेट्रिओसिस त्याच्यावरच पोसतो. म्हणून बरेच तज्ज्ञ इंजेक्शनांसोबत लेट्रोझोलच्या गोळ्या देतात, त्यांनी ते खाली राहतं. बीजं काढताना सुई शक्यतो गाठीत जाऊ देत नाहीत. तिथे जंतुसंसर्ग झाला तर तो हट्टी असतो. म्हणूनच काढल्यानंतर ताप आला किंवा पोटदुखी वाढत गेली तर घरी थांबायचं नाही.

किती बीजं पुरेशी, याला सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. पस्तिशीच्या आत आठ-दहा पक्व बीजं हाताशी असली तर बऱ्यापैकी आशा असते. वय वाढलं की जास्त लागतात. साठा कमी असेल तर दोन-तीन वेळा प्रक्रिया करावी लागू शकते. स्पेनमधल्या एका मोठ्या केंद्रानं 2020 मध्ये एन्डोमेट्रिओसिस असलेल्या 485 स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. या सगळ्यांनी बीजं गोठवून पुढे वापरली होती. पस्तिशीच्या आत गोठवणाऱ्यांचे निकाल सरस होते, आणि त्या वयात ज्यांनी ऑपरेशनआधीच गोठवली, त्यांना ऑपरेशननंतर गोठवणाऱ्यांपेक्षा जास्त बीजं मिळाली. ऑपरेशनआधी हे बोलणं व्हावं, असा माझा आग्रह आहे तो यासाठीच. तरीही गोठवलेली बीजं म्हणजे मुलाची हमी नव्हे. काही बीजं वितळवताना जातात, काहींचा गर्भ होत नाही, काही गर्भ रुजत नाहीत.

खर्च लाखाच्या पुढे जातो, म्हणून आकडा तोंडी ऐकून समाधान मानू नका. इंजेक्शनं, भूल, बीजं काढणं, गोठवणं आणि दरवर्षीचं साठवणुकीचं भाडं, हे सगळं वेगवेगळं लिहून मागा. इंजेक्शनांचाच खर्च मोठा असतो आणि पॅकेजमध्ये तो बरेचदा धरलेला नसतो. विमा कंपनीलाही आधीच लेखी विचारा.

कायद्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. 2021 च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार 21 वर्षांवरील आणि 50 वर्षांखालील स्त्रीला या सेवा घेता येतात, आणि त्यासाठी तिचं लग्न झालेलं असण्याची अट नाही. नवऱ्याची किंवा वडिलांची सही मागितली तर हे लक्षात ठेवा. क्लिनिक नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे. नोंदणी प्रमाणपत्र बघायला मागा. तुमचं काही बरंवाईट झालं तर बीजांचं काय करायचं, हे तुमच्याकडून आधी लिहून घेतल्याशिवाय क्लिनिकला ती गोठवता येत नाहीत. गोठवलेले गर्भ ठेवण्याची मुदत दहा वर्षांची आहे. स्वतःची बीजं किती वर्षं ठेवणार आणि मुदत संपताना काय करणार, हे क्लिनिककडून लेखी घ्या. लग्न झालेल्यांना गर्भ गोठवण्याचा पर्याय असतोच, पण ते गर्भ दोघांचे असतात. नात्याबद्दल मनात थोडीही शंका असेल तर निदान काही बीजं नुसतीच गोठवून ठेवा.

अंडाशयाचा तुकडा काढून गोठवण्याची पद्धतही आहे. ती मुख्यतः कॅन्सरच्या उपचारांआधी, विशेषतः लहान मुलींसाठी वापरतात. एन्डोमेट्रिओसिसमध्ये आधीच कमी झालेल्या साठ्यातून आणखी काढणं सहसा परवडत नाही.

मूल लगेच नको असेल, तर ऑपरेशननंतर गाठ परत येऊ नये म्हणून डायनोजेस्टच्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या किंवा कॉपर-टीसारखं बसवायचं हार्मोनचं साधन देतात. 'हार्मोनच्या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही' या भीतीनं मुली त्या मधेच सोडतात, गाठ परत येते आणि दुसऱ्या ऑपरेशनची वेळ येते. या गोळ्यांनी बीजसाठा संपत नाही. बंद केल्यावर पाळीचं चक्र परत सुरू होतं. त्यांनी दिवस राहण्याची शक्यता वाढत मात्र नाही, त्यामुळे प्रयत्न सुरू करायचे तेव्हा त्या थांबवायच्या. आणि 'लग्न करून टाका, मूल झालं की बरं वाटेल' हा सल्ला कुणी दिला तर तो उपचार समजू नका. गरोदरपणात दुखणं बऱ्याचदा कमी होतं, नंतर बऱ्याच जणींचं परत येतं. त्यासाठी घाईघाईत स्थळ पसंत करण्याची वेळ कुणावरही येऊ नये.

ज्या जोडप्याचे प्रयत्न सुरू आहेत, तिथे नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्या महिन्यातच करून घ्या. बायकोच्या सिस्टवर दोन वर्षं उपचार चालतात आणि नवऱ्याची तपासणी शेवटी होते, हे फार ठिकाणी घडतं. ऑपरेशन झालं असेल तर सर्जनकडून ईएफआय हा गुणांक काढून मागा. वय, किती वर्षं प्रयत्न चाललेत, आधी कधी दिवस राहिले होते का, आणि ऑपरेशनच्या शेवटी नलिका व अंडाशयं कशी दिसली, यावरून 0 ते 10 गुण देतात. गुण चांगले असतील तर काही महिने नैसर्गिक प्रयत्नांना देता येतात, कमी असतील तर आयव्हीएफला उशीर करू नये.

एक फाइल ठेवा. प्रत्येक एएमएचचा रिपोर्ट तारखेसह, सोनोग्राफीचे फोटो, ऑपरेशनची पूर्ण टिपणं, जमलं तर व्हिडिओ आणि गाठीचा बायॉप्सी रिपोर्ट. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुढच्या डॉक्टरांना पुरत नाही. ऑपरेशननंतर एएमएच लगेच करू नका, तेव्हा ते खूप खाली दिसतं आणि काही जणींचं पुढे थोडं सावरतं. तीन ते सहा महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, गोळ्या सुरू असतील तर तसं लिहून करा, आणि तो कागद ऑपरेशनआधीच्या रिपोर्टला जोडून ठेवा.